खाल्लेलं अंगी लागेपर्यंत

भात खाणाऱ्या मुलखात गव्हाचा आजार कशाला येईल, हा समज चंद्रपूर-गडचिरोलीकडे इतका पक्का आहे की तो कुणाला बोलून दाखवावाही लागत नाही. नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि पुढे गडचिरोली, हा सगळा धानाचा पट्टा. दुपारी भात, रात्री भात, शेतावर नेलेल्या डब्यात भात. त्यामुळे एखाद्या मुलाचे पोट महिनोन्‌महिने बिघडलेले असेल, हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढे फुगलेले असेल, तर पाणी, जंत, हिवताप, सिकलसेल, कुपोषण अशी सगळी कारणे शोधली जातात. पोळीकडे कुणाचे बोट जात नाही.

मोहर्लीत हा समज किती मागे पडला आहे ते दिसते. ताडोबाच्या प्रवेशद्वाराशी, इरई धरणाच्या पाण्यालगत वसलेले भद्रावती तालुक्यातले हे गाव. उजाडण्यापूर्वी जिप्सी रांगेला लागतात, तेव्हा गाइड आणि ड्रायव्हर चहाबरोबर बिस्किटाचा पुडा फोडतात. पर्यटकांच्या न्याहारीच्या डब्यात सँडविच आणि पराठे असतात. परतल्यावर टपरीवर समोसा मिळतो. रेशनवर तांदळासोबत गहू येतो आणि घरात एकवेळची ज्वारीची भाकर जाऊन पोळी आली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. भात ताटात आहेच, पण त्याच्या शेजारी गहू रोजचा झाला आहे. सीलिअ‍ॅक या गव्हाच्या आजाराला तेवढे पुरते.

आपल्याकडे आई-आजी ज्याला ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ म्हणतात, तेच या आजारात शब्दशः घडते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांसारखे उंचवटे असतात, त्यांना अंकुर म्हणू. लांबीने ते मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. पण त्यांच्यामुळे अन्न शोषून घेणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. गहू, बार्ली आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाची प्रथिने असतात. ती कुणालाच पूर्णपणे पचत नाहीत. प्रोलिन आणि ग्लुटामिन या घटकांची त्यांच्यात इतकी दाटी असते की पचनरसांना त्यांचे सगळे दुवे तोडता येत नाहीत. २००२ साली शास्त्रज्ञांनी असा एक ३३ घटकांचा न तुटणारा तुकडा दाखवून दिला. बहुतेकांच्या पोटातून असे तुकडे काही न करता निघून जातात. ज्यांच्याकडे एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ या आनुवंशिक खुणा असतात, त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात मात्र रोगप्रतिकारक पेशी या तुकड्याला शत्रू समजतात. आतड्यातले ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर त्या तुकड्यात किंचित बदल करून त्याला आणखी ठळक करते, आणि मग हल्ला सुरू होतो. हल्ल्यात भाजून निघते ते आपलेच आतडे. अंकुर खुजे होत जातात, शेवटी सपाट होतात. म्हणून लोक याला ‘गव्हाची अ‍ॅलर्जी’ म्हणत असले तरी ही अ‍ॅलर्जी नाही. अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन हा आजार थांबत नाही, आणि पोळी खाल्ल्यावर लगेच काही झाले नाही म्हणजे आजार नाही, असेही ठरत नाही.

भारतात हा आजार उत्तरेचा मानला गेला, त्याला कारण आहे. १९६६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सीलिअ‍ॅकवर लेख आला, आणि पुढची बरीच वर्षे पंजाब, हरियाणा, दिल्ली याच भागांतून रुग्ण नोंदले जात राहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासले गेले. उत्तरेत दर हजारी साधारण साडेआठ जणांना हा आजार आढळला. ईशान्येत पाचाच्या आतबाहेर, दक्षिणेत जवळजवळ नाहीच. आनुवंशिक खुणा मात्र तिन्हीकडे सारख्याच, साधारण तिघांमागे एकाकडे. फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. उत्तरेत माणशी रोज सुमारे ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. मला या आकड्यांतून जो अर्थ दिसतो तो भातपट्ट्याला दिलासा देणारा नाही. आजाराची तयारी भात खाणाऱ्यांच्या रक्तातही तेवढीच आहे. जिथे गव्हाचा वाटा वाढतो आहे, तिथे पुढच्या पिढीत काय दिसेल याची कल्पना उत्तरेवरून करता येते.

आणि याच भागात हा आजार लपून राहायला एक खास जागा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे प्रमाण मोठे. फिकट चेहऱ्याची, दम लागणारी, थकलेली मुलगी दिसली की पहिला विचार सिकलचा येतो, आणि तो यायलाच हवा. गडबड होते ती पुढे. तपासणीत ‘एएस’ म्हणजे नुसती वाहक असल्याचे कळते आणि तिच्या अशक्तपणाचे कारण सापडले असे सगळे धरून चालतात. वाहकाला सहसा सिकलमुळे रक्तक्षय होत नाही. त्याचे रक्त कमी असेल तर दुसरे कारण शोधले पाहिजे. लोह शोषले जाते ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि सीलिअ‍ॅकचा घाव सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तिथेच बसतो. लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर तेवढ्या एका गोष्टीवरून सीलिअ‍ॅकची शंका घ्यायला हवी. कित्येक रुग्णांना जुलाब होतच नाहीत. उंची न वाढणे, पाळी उशिरा येणे, तोंड सतत येणे, हाडे दुखणे, वारंवार गर्भपात, कोपरा-गुडघ्यांवर खाजणारे फोड, यांपैकी एखादीच तक्रार घेऊन ते डॉक्टरांकडे येतात.

तपासणीची सुरुवात रक्तातल्या टीटीजी-आयजीए या प्रतिपिंडाने होते. काहींच्या शरीरात आयजीए हा प्रकारच कमी बनतो, त्यामुळे एकूण आयजीए सोबत पाहिले नाही तर तपासणी फसवी निघते. नंतर दुर्बिणीतून आतड्याचे चार-सहा बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यासाठी इकडचे अनेक जण नागपूर किंवा सेवाग्राम गाठतात. इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नका. शेजारणीने सांगितले म्हणून, मोबाइलवर पाहिले म्हणून दोन महिने पोळी सोडायची आणि मग रक्त द्यायचे, असे केले की प्रतिपिंडे उतरलेली असतात, अंकुर थोडे उगवलेले असतात, आणि आयुष्यभराचा निर्णय अंधारात घ्यावा लागतो.

गव्हाशी असलेला संबंध कळायला माणसाला फार वेळ लागला. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ साली या आजाराचे नेमके वर्णन लिहिले आणि तो बरा होणार असेल तर आहारानेच होईल, असेही म्हटले. कोणत्या आहाराने, ते त्यांना सापडले नाही. १९२४ साली अमेरिकेत सिडनी हास यांनी मुलांना केळ्यांवर ठेवले. मुले सुधारली आणि केळ्याला औषधाचा मान मिळाला. खरे तर केळ्यांनी काही केले नव्हते. केळी खात असताना पाव बंद होता, एवढेच घडले होते. मुले बरी झाली असे समजून पुढे त्यांचा पाव पुन्हा सुरू झाला आणि आजार आत चालूच राहिला. खरे उत्तर हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी दिले. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे युद्धामुळे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. आजूबाजूला सगळे उपाशी असताना सीलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारताना दिसली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. डिके यांना गव्हाची शंका त्याआधीपासून होती. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात ती सिद्ध केली.

हास यांची चूक आजही घरोघरी होते, म्हणून ती सांगितली. गहू बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत जुलाब थांबतात, भूक लागते, मूल खेळायला लागते. घरच्यांना वाटते, झाले, बरे झाले. मग सणाला एक पुरणपोळी देतात. आणि उलटही होते. तीन महिने झाले, सगळे पाळले, तरी वजन वाढत नाही, थकवा जात नाही, रक्त पुरते भरत नाही. मग रुग्णाला वाटते की निदानच चुकले असावे, किंवा आपण कुठेतरी कमी पडतो आहोत. दोन्ही ठिकाणी गैरसमज एकच आहे. बरे वाटणे आणि बरे होणे यांचे वेळापत्रक या आजारात वेगवेगळे असते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास यासाठी डोळ्यांसमोर ठेवावा. ग्लूटेन सोडलेल्या प्रौढ रुग्णांची आतडी पुन्हा दुर्बिणीने पाहिली गेली. दोन वर्षांनी फक्त ३४ टक्के रुग्णांचे अस्तर पूर्ववत झाले होते. पाच वर्षांनी ६६ टक्के. लक्षणे मात्र बहुतेकांची त्याच्या कितीतरी आधी कमी झालेली होती. लहान मुलांचे आतडे मोठ्यांपेक्षा लवकर भरून येते. चाळिशीत निदान झालेल्या बाईला तिच्या दहा वर्षांच्या भाच्याइतका वेग मिळणार नाही, आणि यात तिचा काही दोष नाही.

इथे एक प्रश्न पडायला हवा. आतड्याच्या पृष्ठभागावरच्या पेशी तर तीन ते पाच दिवसांत नव्या होतात. मग वर्षे कशाला? पुराने बांध फुटलेली धानाची बांधी आठवा. पाणी ओसरल्यावर तिच्यात गवत आठवड्यात उगवते. पण बांध घालणे, वाहून गेलेली माती भरणे, पाणी सगळीकडे सारखे उभे राहील अशी पातळी आणणे, याला हंगाम जातात. आतड्यातही नव्या पेशी लगेच येतात. अंकुरांची उंची, त्यांच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या, खोल गेलेले खळगे हे सगळे पूर्वपदावर यायला वेळ लागतो. शिवाय हल्ला करणाऱ्या प्रतिकारक पेशी अस्तरात दाटून बसलेल्या असतात. त्या हळूहळू पांगतात. त्यांच्यातल्या काही तर ग्लूटेनची ओळख आयुष्यभर जपतात. दहा वर्षे गहू न खाल्लेल्या माणसाने पुन्हा खाल्ला तर आजार परत येतो, तो याच स्मृतीमुळे.

म्हणून पहिल्या वर्षात काय अपेक्षा ठेवायची ते आधीच माहीत असलेले बरे. पोट आधी शांत होते. हिमोग्लोबिन भरायला काही महिने जातात, आणि सुरुवातीला लोह, फोलिक अ‍ॅसिड, ड जीवनसत्त्व, कधी बी-१२ बाहेरून द्यावेच लागते. टीटीजीचा आकडा उतरत जातो, पण सामान्य व्हायला अनेकांना एक ते दोन वर्षे लागतात. पहिल्या तपासणीत तो फार वर असेल तर अधिकच. सहा महिन्यांनी तो निम्म्यावर आला असला तरी ती चांगली बातमी आहे. हाडांची घनता सर्वांत सावकाश वाढते. या काळात दूध प्यायले की पोट फुगते अशी तक्रार खूप जण करतात. दुधातली साखर पचवणारे विकर अंकुरांच्या टोकाशी तयार होते आणि टोकेच झिजलेली असतात. बहुतेकांचे हे तात्पुरते असते. तोवर दही-ताक चालते. अंकुर उगवले की दूधही पचू लागते.

सुधारणा अडते तेव्हा सर्वांत मोठे कारण असते ते नकळत पोटात जाणारे ग्लूटेन. किती पुरते? इटलीतल्या एका अभ्यासात रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिले गेले, आणि तेवढ्यानेही अंकुरांना इजा झाल्याचे दिसले. आपल्या एका मध्यम पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असते. म्हणजे त्या पोळीचा पन्नासावा भाग, हाताला लागलेली चिमूटभर कणीक. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती याच हिशेबातून. ‘एवढ्याशाने काय होतं’ या वाक्याला या आजारात जागा नाही.

मोहर्लीच्या स्वयंपाकघरात हे चिमूटभर कुठून येते? सर्वांत आधी चक्कीतून. ज्वारीत ग्लूटेन नाही, तांदळात नाही, पण दोन्ही दळले जातात ते गव्हाच्याच जात्यावर. वरच्या चाडीत, दगडांच्या खाचांत, पीठ पडणाऱ्या कापडी नळीत मागच्या गिऱ्हाइकाची कणीक असते. सकाळी पहिले दळण आपले लावले तरी कालचा गहू आत असतोच. उपाय सोपा नाही, पण आहे. ज्वारी अख्खी आणायची, निवडून गव्हाचे दाणे काढायचे, धुऊन वाळवायची आणि घरच्या मिक्सरवर थोडी थोडी दळायची. घरात अजून दगडी जाते असेल आणि त्यावर गहू दळला जात नसेल, तर ते पुन्हा बाहेर काढावे. बेसनाचेही हेच. डाळ आणून घरी दळलेले बरे.

दुसरी वाट हिंगाची. डबीतला हिंग म्हणजे शुद्ध हिंग नसतो. त्यात पीठ मिसळलेले असते आणि अनेकदा ते गव्हाचे असते. फोडणीला लागतो चिमूटभरच, पण रोज लागतो. तांदळाचे पीठ वापरलेला हिंग मिळतो. डबीवरचे घटक वाचून तो घ्यावा, नाहीतर वरणाला जिरे-लसणाची फोडणी द्यावी. तिसरी वाट भांड्यांची. पोळीच्या तव्यावरच भाकर, पोळपाट-लाटणे आणि काठवट एकच, समोसा तळलेल्या तेलातच पापड. लाकडाच्या भेगांत कणीक राहते, घासूनही जात नाही. रुग्णासाठी एक तवा, एक काठवट आणि एक झारा वेगळा ठेवला तरी अर्धे काम होते. उन्हाळ्यात अंगणात वाळणाऱ्या कुरडया आणि शेवया गव्हाच्या. चकोल्या, पानगे, रोडगे, सत्यनारायणाचा शिरा गव्हाचाच. लहान मुलांच्या ताकदीच्या पावडरींत बार्लीचे माल्ट असते. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्येही गहू असतो.

एवढे वाचून घाबरायला होईल, पण या मुलखात ग्लूटेन सोडणे पंजाबातल्या घरापेक्षा सोपे आहे, असे मला मनापासून वाटते. तिथे ताटातला मुख्य घासच बदलावा लागतो. इथे तो आहेच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३च्या सुमारास आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून जो एचएमटी तांदूळ घडवला, तो आज इकडच्या घराघरांत शिजतो. तो असताना दुकानातल्या महागड्या ‘ग्लूटेनमुक्त’ बिस्किटांच्या पुड्याची गरज नाही. पोहे, मुरमुरे, तांदळाचे धिरडे, ज्वारीची भाकर, आंबील सगळे चालते. उपवासाच्या यादीकडे तर सीलिअ‍ॅकच्या रुग्णाने नव्याने पाहावे: भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, रताळे. पिढ्यान्‌पिढ्या गव्हाशिवाय रांधायची ही तयार विद्या आपल्या बायकांच्या हातात आहे. फक्त राजगिऱ्याचे आणि शिंगाड्याचे पीठ कुठे दळले ते विचारून घ्यावे.

मात्र नुसत्या पांढऱ्या भातावर आतडे उभे राहत नाही. त्यात लोह कमी, तंतू कमी, बी गटाची जीवनसत्त्वे कमी. गहू सोडलेल्या अनेकांना पुढे बद्धकोष्ठता होते ती यामुळे. म्हणून आठवड्यातून काही दिवस ज्वारी किंवा नाचणी, रोज तूर-मूग-चणा, अंबाडी आणि पावसाळ्यात तरोट्याची कोवळी भाजी, जवस-तिळाची चटणी, लिंबू, अंडी. आणि तलावातल्या मासोळ्या. मासोळ्यांचा रस्सा आणि भात, या दोन गोष्टींत ग्लूटेनचा कण नाही आणि प्रथिनांची कमतरताही नाही. तळताना रवा लावू नये, तांदळाचे पीठ लावावे.

सफारीच्या व्यवसायातल्या माणसाला खरी अडचण घराबाहेर येते. पहाटे निघायचे, न्याहारी पाहुण्यांबरोबर. गाइडने रात्रीच भाताचे मुटके, फुटाणे, केळी बांधून ठेवली तर समोशाशी गाठ पडत नाही. होमस्टे चालवणाऱ्या बायांनाही हे उपयोगी पडेल, कारण त्यांच्याकडे दिल्ली-चंदीगडकडचे पाहुणे येतात आणि त्यांच्यात या आजाराचे लोक असणारच. वेगळा तवा, घरी दळलेल्या ज्वारीची भाकर आणि हिंगाशिवाय वरण एवढे ज्या घरात खात्रीने मिळते, तिथे असा पाहुणा पुन्हा येतो. लग्नाच्या पंगतीत मात्र आग्रह अंगावर येतो. ‘घे गं माय, एक पुरी, सणाचा दिवस आहे,’ म्हणणाऱ्या मावशीला दुखवायचे नसते. तिला आधीच, निवांत वेळी, आजार समजावून सांगितलेला असेल तर तीच पुढच्या वेळी परातीजवळ उभी राहून दुसऱ्यांना थांबवते. मूल शाळेत जात असेल तर बाईंना सांगून ठेवावे. खिचडी चालते, वाटलेली बिस्किटे नाहीत.

आणि सगळे काटेकोर पाळूनही वर्षभरात प्रकृती सुधारत नसेल, तर स्वतःला बोल लावत बसू नये. आहार आहारतज्ज्ञाला दाखवून छुपे ग्लूटेन शोधावे. तेही नसेल तर लहान आतड्यात जिवाणूंची अवाजवी वाढ, स्वादुपिंडाचे रस कमी पडणे, जंतांचा किंवा जिआर्डियाचा संसर्ग, थायरॉइड अशी कारणे तपासावी लागतात. इकडच्या पाण्याचा विचार करता जिआर्डिया तर आधीच पाहावा. आहाराला दाद न देणारा सीलिअ‍ॅकचा प्रकार असतो, पण तो दुर्मीळ आहे, आणि त्याचा विचार बाकी सगळे तपासून झाल्यावरच करायचा असतो. आहाराची जागा घेईल अशा गोळीवर जगभर संशोधन चालू आहे. आज मात्र उपचार म्हणून आहारच आहे.

घरात एकाला सीलिअ‍ॅक निघाला की आईवडील, भावंडे आणि मुले यांचेही रक्त तपासावे. त्यांच्यात शंभरांतून पाच ते दहा जणांना हा आजार सापडतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कसलाही त्रास होत नसतो. रुग्णासाठी सगळ्या घराने पोळी सोडायचे ठरवले असेल, तर हे रक्त त्याआधी द्यावे.